माझ्यावर कोरलेली शिट्टी

माझ्या मध्यभागी एक चेंडू अलगद ठेवा आणि हात काढून घ्या. क्षणभर तो जागच्या जागी राहील. मग कोणी न ढकलता, अगदी सावकाश, डाव्या कोपऱ्याकडे घरंगळू लागेल. कडेच्या थोडं अलीकडे शर्टाच्या बटणाएवढा एक खळगा आहे. चेंडू तिथे अडतो, किंचित डुलतो आणि थांबतो.

मित्रांनो, टेबल टेनिसच्या टेबलावर असं व्हायला नको. मी एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमधलं, आता म्हातारं झालेलं टेबल आहे. हा उतार आणि हा खळगा मला जन्मापासून नव्हता.

लाकडाचा भुसा आणि राळ एकत्र करून, तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून माझ्या दोन फळ्या बनवल्या गेल्या. त्यांना चकाकी नसलेला हिरवा रंग दिला गेला, कारण चकाकीने खेळणाऱ्याचे डोळे दिपतात. शेवटी कारखान्यातल्या तपासणीच्या बाईंनी तीस सेंटिमीटरवरून माझ्यावर चेंडू सोडला. तो तेवीस सेंटिमीटर उसळायला हवा होता. मधोमध, कडेला, कोपऱ्यात, सगळीकडे तो तेवढाच उसळला. बाईंनी मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

हॉलमध्ये आलो ते दिवस मजेचे होते. ऑफिसातून परतलेले बाबालोक बूट काढून मोज्यांवर खेळायचे आणि गुळगुळीत फरशीवर घसरून पडायचे. पडले की आधी आजूबाजूला बघायचे, कोणी पाहिलं तर नाही ना! बायकांचा दुपारचा डाव तर असा रंगायचा की गॅसवरचं दूध उतू जायचं. रोज कोणीतरी मला मऊ फडक्याने पुसायचं.

मग त्या लोकांचे गुडघे दुखू लागले. त्यांची मुलं मोठी होऊन निघून गेली. माझ्यावर उरलेल्या फरश्या, रंगाचे डबे, कोणाचं तरी न उघडलेलं पार्सल येऊन बसलं. महिन्यातून एकदा ते सगळं खाली उतरवायचे, जाळी काढायचे आणि माझ्याभोवती खुर्च्या मांडायचे. सोसायटीच्या समितीची सभा माझ्यावरच भरायची. गरम चहाच्या कपांची पांढुरकी वर्तुळं माझ्या रंगावर उमटत गेली. त्याबद्दल कोणी कोणाला बोललं नाही. मोठ्यांनी पाडलेल्या डागाला वापर म्हणतात आणि मुलांनी पाडलेल्या डागाला नासधूस. हा फरक मला फार उशिरा समजला.

मला पुन्हा खेळाला लावलं ते दोन मुलांनी. एक होता अध्यक्षांचा नातू. दुसरी, भाड्याने राहायला आलेल्यांची मुलगी. ती चालताना मध्येच गिरकी घ्यायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. अध्यक्षांनाही मुलांनी नाव ठेवलं होतं, शिट्टीआजोबा. कोणी हिरवळीवर पाय ठेवला की त्यांची शिट्टी वाजलीच. दुपारी हॉल बंद ठेवायचा नियमही त्यांचाच. चेंडूच्या आवाजाने लोकांची झोप मोडते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मुलांना नेमकी दुपारच मोकळी असायची. खिडकीची कडी सैल होती. दोघं त्या वाटेने आत येत आणि मोज्याचा बोळा करून त्याने खेळत. बोळा उसळत नाही, पण वाजतही नाही. गुण मोठ्याने म्हणता येत नव्हते, म्हणून कंपासपेटीतल्या कर्कटकाने ते माझ्या कडेवर ओरखडे ओढत. आधी केसासारखे बारीक. मग दिसावेत म्हणून जरा खोल. मग जिंकल्याच्या आनंदात आणखी खोल.

मला दुखलं का, हे मला सांगता येणार नाही. पण रंग निघाला की आतली फळी उघडी पडते, हवेतला ओलावा शोषते आणि फुगते. एकदा फुगली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. मित्रांनो, एवढं मात्र तुम्ही लक्षात ठेवा.

एके दिवशी शिट्टीआजोबांनी भिंगरीची बॅट काढून घेतली आणि ऑफिसच्या कपाटात टाकली. त्या दुपारी ती आली ती स्क्रूड्रायव्हर घेऊनच. तिने माझ्या डाव्या कोपऱ्यात शिट्टीआजोबांचा चेहरा कोरला. फुगलेले गाल, वर गेलेल्या भुवया, ओठांत शिट्टी. शिट्टीच्या भोकासाठी तिने स्क्रूड्रायव्हर एका जागी गरागरा फिरवला. तोच हा खळगा. ती रागाने कोरत होती, पण रागातही नीट आठवून कोरत होती. नातवाने ते पाहिलं आणि तो हसून लोटपोट झाला. मग तो माझ्यावर चढला आणि स्पर्धा जिंकल्यासारखी त्याने उंच उडी मारली. माझी फळी कडाडली. त्या कोपऱ्याखालचा लोखंडी पाय वाकला. दोघंही खिडकीतून पळाली.

पुढे काय झालं? सभा झाली, माझ्यावरच. शिट्टीआजोबा नेहमीच्या जागी बसले आणि खाली पाहिलं, तर स्वतःचंच तोंड.

"हे कोणी काढलं?" त्यांचा आवाज चिरकला.

सचिव दाताच्या डॉक्टर होत्या. त्यांनी चष्मा सरकवून चित्र न्याहाळलं. "कोणीही असो, नजर चांगली आहे हो. वरचा डावा दात नाही, तोसुद्धा बरोबर गाळलाय. मी तरी कधीची म्हणतेय, बसवून घ्या तो."

कोणीतरी फिस्सकन हसलं. शिट्टीआजोबांनी चित्रावर जाडजूड फाइल ठेवली. त्या दिवसापासून प्रत्येक सभेत ती फाइल तिथेच असायची.

मुलांनी काही लपवलं नाही. विचारल्यावर दोघांनी सांगून टाकलं. पण निर्णय विचित्र झाला. भिंगरीला हॉल आणि बाग दोन्ही बंद, असा कागद तिच्या फ्लॅट नंबरासकट हॉलच्या दारावर चिकटवला गेला. नातवाला आजोबा घरी समज देतील, असं ठरलं. चित्रामुळे आजोबांचा अपमान झाला होता. फळी मोडली, तो नुसता अपघात होता.

भिंगरीची आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. पुढच्या सभेला ती कामावरून तशीच आली. खुर्ची कोणी दिली नाही, तिने मागितलीही नाही.

"माझ्या मुलीने चूक केलीय," ती म्हणाली. "शिक्षा द्या, मी आड येणार नाही. पण दोघांना एकच द्या."

"ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," खजिनदार म्हणाले. "हे तात्पुरतं आहे. पुढच्या सभेत बघू."

पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. त्याच्या पुढच्या सभेत गाड्या लावण्यावरून भांडण झालं. कागद दारावर तसाच राहिला. त्याचे कोपरे वळले, तेव्हा कोणीतरी नवी चिकटपट्टी लावली.

माझ्या खिडकीतून जिना दिसतो. लिफ्टमध्ये लोक भेटतात म्हणून भिंगरी आता जिन्याने जायची. गिरकी घ्यायची नाही. हॉलच्या दाराशी आली की मान दुसरीकडे वळवायची.

नातू मात्र येत असे. माझी एक फळी उभी करून एकटाच तिच्यावर चेंडू मारत बसे. फळी चेंडू परत देते, पण आरडाओरडा करत नाही, रडीचा डाव खेळत नाही, हरल्यावर रुसत नाही. थोड्या दिवसांनी तो मारायचाही थांबला. मला आडवं करून मध्यभागी चेंडू ठेवायचा आणि तो शिट्टीपाशी जाऊन थांबताना बघत राहायचा.

माझी अवस्था पाहून तुम्हाला वाईट वाटत असेल, तर मला पुसा, माझ्यावर फरश्या ठेवू नका, मला ओरबाडू नका. मी सगळ्यांचं आहे, म्हणून माझी काळजी सगळ्यांनीच घ्यायची आहे. पण वाकलेला माझा पाय सरळ करता येतो, चिरेत रंगाऱ्याची लांबी भरता येते. दारावरच्या त्या कागदाने जिन्यावर जे झालं, त्यात काय भरतात, हे मला माहीत नाही.

परवा पुन्हा सभा भरली. भिंगरीची आई आली. या वेळी सचिवबाईंनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली.

"घरमालकांच्या कानावर गेलंय," ती म्हणाली. "समिती काय म्हणते ते कळलं की पुढचा करार करू, असं म्हणतात. आज तरी हो की नाही ते सांगा. म्हणजे मला सामान बांधायला घेता येईल."

खजिनदारांनी घसा खाकरला. "विषयपत्रिकेवर आधी गच्चीचा..."

तेवढ्यात दार ढकलून नातू आत आला. त्याच्या हातात तो कागद होता, दारावरून काढलेला. दुसऱ्या हातात पेन.

"अरे, सभा चालू आहे. पळ बघू घरी!" शिट्टीआजोबा म्हणाले.

तो हलला नाही. त्याने कागद आजोबांसमोर ठेवला आणि पेन पुढे केलं.

"आजोबा, ह्याच्यावर माझा पण फ्लॅट नंबर लिहा ना."

"काय वेडेपणा हा?"

"मग तिचा तरी खोडा. मी एकटा काय खेळू?" त्याने माझ्या चिरेवर बोट ठेवलं. "मीच तर मोडलंय ते. तुम्हाला सांगितलं होतं ना मी."

आजोबांनी पेन घेण्यासाठी हात पुढे केला आणि त्यांचा कप कलंडला. चहा माझ्या उतारावरून डाव्या कोपऱ्याकडे निघाला. सचिवबाईंनी घाईघाईने फाइल उचलली. कोरलेल्या रेषांमधून चहा वाहत गेला आणि चित्र गडद, स्पष्ट झालं. फुगलेले गाल. गाळलेला दात. शिट्टीत चहाचा एक थेंब.

शिट्टीआजोबा बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. मग त्यांनी तो कागद घेतला आणि त्याच कागदाने चहा टिपला. फ्लॅटचा नंबर विरघळून निळा डाग झाला.

"लिहून घ्या," ते सचिवबाईंना म्हणाले. त्यांनी भिंगरीच्या आईकडे पाहिलं, पण नजर पुन्हा माझ्यावर वळली. "चित्र तिने कोरलं. फळी माझ्या नातवाने मोडली. दोघांना शिक्षा एकच. दोघांनी मिळून, माझ्यासमोर, हे टेबल घासायचं, भरायचं, रंगवायचं. हॉल आजपासून दोघांना उघडा, दुपारीसुद्धा. घरमालकांना मी स्वतः फोन करतो." मग ते तिच्याकडे वळले. "आणि हे मी पहिल्याच सभेत म्हणायला हवं होतं, ताई."