तिसरा रकाना

मी स्वयंअध्ययनाची वही बोलतेय. हळूच बोलते, कारण आत्ता एक मुलगी मला उघडून बसली आहे आणि माझा जीव टांगणीला लागला आहे.

छापखान्यातून मी कोरीच आले. मला वळण लावलं ते अध्यापक विद्यालयातल्या मॅडमनी. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना दुपारचे दोन तास मोकळे असत. त्या वेळात ज्याने त्याने आपापला अभ्यास करायचा. त्याची नोंद ठेवायला मॅडमनी प्रत्येक पानावर तीन रकाने आखायला लावले: काय वाचलं, काय कळलं, काय कळलं नाही.

"तिसऱ्यात खरं लिहा," त्या म्हणाल्या. "मार्क कापणार नाही. त्यावरूनच पुढचा अभ्यास ठरवू."

पण विश्वास कुणाचा बसतोय! आणि माझी मालकीण तर पक्की भित्री भागूबाई. तिने सहा आठवडे मला हातही लावला नाही. वह्या द्यायच्या आदल्या दुपारी मात्र एका बैठकीत सगळी पानं भरली. वही रोजची वाटावी म्हणून तीन पेनं बदलली, माझे कोपरे मुद्दाम चुरगाळले. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच, 'काही नाही'.

"अगं, एखादं तरी खरं लिही," खोलीतली मैत्रीण म्हणाली. "अपूर्णांकांचा भागाकार तुला कुठे कळलाय? दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, पण का?"

"गप्प बस. एवढंही येत नाही म्हणतील."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पानं चाळली. "सगळंच कळलं तुला?"

"हो, मॅडम."

त्यांनी पुन्हा दोन पानं उलटून पाहिली. टेबलावर अजून साठ वह्या होत्या. सही झाली, शेजारी 'उत्कृष्ट' असा शेराही पडला. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली.

पुढच्याच आठवड्यात एका शाळेत सहावीच्या वर्गावर तिचा सराव पाठ लागला. विषय नेमका तोच. मी टेबलावर होते आणि तिचा घामेजलेला तळवा माझ्यावर. मागे शाळेतले एक सर निरीक्षणाला बसले होते. पाठ संपत आला तसा खिडकीजवळच्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला.

"बाई, पण उलटा का करायचा?"

माझ्या मालकीणबाईंनी खडू उचलला आणि परत ठेवला. 'मलाही माहीत नाही, उद्या शोधून सांगते', एवढंच म्हण गं, असं मी जीव तोडून सांगत होते. पण माझं कोण ऐकणार!

"नियमच आहे तसा! शिकवताना लक्ष कुठे असतं तुझं? बस खाली."

मुलगी बसली. त्यानंतर वर्गात एकही हात वर झाला नाही. सरांनी लिहिलं, 'वर्गनियंत्रण उत्तम'.

मालकीण यथावकाश नोकरीला लागली. त्या 'उत्कृष्ट' शेऱ्यामुळे मला नमुना वही म्हणून विद्यालयाच्या ग्रंथालयातल्या कपाटात ठेवलं. तेव्हापासून दर वर्षी नवी मुलं येतात आणि माझ्यावरून जसंच्या तसं उतरवून घेतात. कपाटाची कडी वाजली तरी माझ्या काळजात धस्स होतं. माझ्यामुळे किती वर्ग असे गप्प बसले असतील?

आत्ता समोर बसलेली ही मुलगीही उतरवतेय. दोन रकाने झाले. आता तिसऱ्यापाशी तिचं पेन थांबलंय. बाळा, मला मिटून टाक. तुला काय कळलं नाही ते तुझं तू लिही. तुझ्याही वर्गात कुणीतरी हात वर करणार आहे.