ताणमुक्तीच्या कार्यशाळेत तोंडी परीक्षा

गुण भरायचं पोर्टल संध्याकाळी बंद होणार, आणि नेमकी त्याच दुपारी विद्यापीठाने ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवली. हजेरी सक्तीची, प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांनाही. न आल्यास लेखी खुलासा द्या म्हणे! ही अक्कल कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे.

रसायनशास्त्राच्या मॅडम नुसत्या धुमसत होत्या. बाकी सगळ्यांचे गुण भरून झाले होते, घोडं अडलं होतं एका मुलीपाशी. वर्ग तिला चिमणी म्हणायचा. अभ्यासात हुशार, पण तोंडी परीक्षेला विभागप्रमुखांसमोर बसली की तिची बोबडी वळायची. परवाही अवाक्षर न बोलता रडत बाहेर पडली होती. मॅडमनी सरांच्या हातापाया पडून तिला आणखी एक संधी मिळवून दिली होती, आजची. आज गुण गेले नाहीत तर पोरीचं वर्ष बुडणार होतं.

आणि आज सगळी वरात सभागृहात!

"डोळे मिटा," मंचावरचे पाहुणे गोड आवाजात म्हणाले. "सगळ्या चिंता सोडून द्या."

"सोडून द्या म्हणायला यांच्या बापाचं काय जातंय," मॅडम पुटपुटल्या. शेजारच्याच खुर्चीत चिमणी बसली होती, पडलेला चेहरा घेऊन. तिच्याकडे बघता बघता मॅडमच्या डोक्यात आलं, इथे तरी कोण अडवतंय?

"चिमणे, डोळे मिटूनच राहा. साबणाने तेलकट डाग कसा निघतो?"

"आत्ता? इथे?"

"मग काय मुहूर्त काढू? बोल पटकन."

चिमणी कुजबुजत सांगू लागली. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, मग पाणी जाताना तेलालाही ओढून नेतं. पोरगी थांबेचना. मॅडमनी आणखी चार आडवेतिडवे प्रश्न टाकले, एकालाही अडली नाही. मॅडमना आनंद झाला आणि तितकाच संतापही आला. एवढं येतंय हिला, आणि आपण हिला नापास करायला निघालो होतो!

"काय चाललंय तिथे?" पुढच्या रांगेतून विभागप्रमुख उठून आले. मॅडमनी खरं ते सांगून टाकलं.

"कार्यशाळेत परीक्षा? तीही माझ्या माघारी? असले गुण मी मान्य करणार नाही. मलाही ऐकू दे. काय गं, कसा निघतो डाग?"

चिमणीने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. एव्हाना अख्खं सभागृह डोळे उघडून बघत होतं. उत्तर मॅडमच्याच ओठांवर आलं होतं, ते त्यांनी कसंबसं गिळलं.

"सर," चिमणी एकदाची म्हणाली, "तुम्ही असं बघू नका ना."

"असं म्हणजे कसं?"

"आता खाऊन टाकाल असं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचा चेहरा खर्रकन उतरला. आजवर हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायची टाप होती कुणाची? मग ते चिमणीच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीत, मंचाकडे तोंड करून बसले.

"सांग," ते हळू आवाजात म्हणाले.

चिमणी बोलली. आधी अडखळत, मग घडाघडा. सरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, आणि शेवटी मान हलवली. "भरा हिचे गुण."

मॅडमनी मोबाइलवर पोर्टल उघडलं. सर पलीकडून वाकून बघत होते. आकडा चुकला. खोडला. पुन्हा चुकला.

"अहो मॅडम, इतकी वर्षं गुण भरताय," सर आणखी वाकत म्हणाले. "आज काय झालं तुम्हाला?"

"तुम्ही बघताय ना, सर," मॅडमच्या तोंडून निघून गेलं.