नाही म्हणणारी नळी

"काकू, तुमची नळी बिघडली," चश्मिष्ट म्हणाला आणि त्याने पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरली. एक रेघ यायला हवी होती, तिथे दोन आल्या होत्या.

काकूंचं वय सत्तावीस. मिशनच्या विद्यापीठात बायोमेडिकल सायन्सेसच्या पहिल्या वर्गाला त्या आल्या, तेव्हा दोन मुलं शिक्षिका समजून उभी राहिली होती. त्या दिवसापासून त्या काकू झाल्या. आठवडाभर त्यांनी तोंड वाकडं केलं, मग शिपाईसुद्धा काकू म्हणायला लागला तेव्हा नाद सोडून दिला. आता तिसरं, शेवटचं वर्ष होतं. वर्गातल्या पोरांची प्रेमप्रकरणं, पोटदुखी आणि हरवलेल्या छत्र्या हे सगळं काकूंच्याच गळ्यात पडे.

आज गर्भचाचणीचं प्रात्यक्षिक होतं. ते घेणाऱ्या मिशनच्या सिस्टरांचा नियम असा, की कुठल्याही तपासणीला आधी दोन नळ्या हव्यात: एक हमखास 'हो' म्हणणारी, एक हमखास 'नाही' म्हणणारी. या नळ्यांना कंट्रोल म्हणायचं, आणि त्या दोघी खरं बोलल्या तरच तिसरीवर विश्वास ठेवायचा. 'हो' म्हणणारी लघवीची नळी समोरच्या इस्पितळाच्या प्रसूती विभागातून आली होती. 'नाही'साठी मात्र कुणी पुढे येईना. त्या नळीवर आपलं नाव थट्टेतसुद्धा नको, म्हणून मुली एकमेकींना कोपरं मारत होत्या. मुलांपैकी कुणाचंही चाललं असतं, पण ती हसायला बाहेर पळाली होती. शेवटी काकू म्हणाल्या, द्या ती बाटली इकडे, मला माझा एक भोपू पुरे आहे. भोपू म्हणजे त्यांचा चार वर्षांचा मुलगा. त्याचा आवाज गाडीच्या भोंग्यासारखा होता.

आणि आता दोन रेघा. दुसरी पट्टी बुडवली, तिच्यावरही दोनच. चश्मिष्टाने खोक्यावरची तारीख वाचली. लांब वेणीवाली म्हणाली, नळ्यांची अदलाबदल झाली असणार. कुणी म्हणालं, पट्ट्यांना दमट हवा लागली. साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, कारण काकू म्हणजे 'नाही' हे आधीच ठरलेलं होतं. काकूसुद्धा थोडा वेळ खोकंच उलटंपालटं करत राहिल्या. मग हातमोज्याच्या आत त्यांची बोटं हळूच काहीतरी मोजू लागली आणि मध्येच थांबली.

सिस्टर आल्या. ठेंगण्या, करड्या झग्यातल्या, बोलायला कडक. रोज प्रात्यक्षिकाआधी त्या प्रार्थना म्हणत, तिच्यात देवाकडे दोनच गोष्टी मागायच्या: स्थिर हात आणि खरे डोळे. मागे एकाने आकडा खोडून बरा दिसणारा आकडा लिहिला, तेव्हा त्याला त्यांनी महिनाभर नुसत्या काचा धुवायला लावल्या होत्या. जे दिसलं ते सांगायचं, ही त्यांची शिस्त. त्यांनी पट्टी पाहिली, खोक्यावरची तारीख पाहिली, आणि मग काकूंचा चेहरा पाहिला.

"आजच्यापुरता हा कंट्रोल धरायचा नाही," त्या म्हणाल्या. "साधं पाणी घ्या."

"पण का नाही धरायचा, सिस्टर?" चश्मिष्टाने विचारलं.

"मी सांगते म्हणून."

असलं कारण सिस्टरांनी जन्मात दिलं नव्हतं. वर्ग पाण्याची नळी भरायला लागला.

तास संपल्यावर सिस्टरांनी काकूंना सामानाच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. फळ्यांवर बाटल्या, मध्ये या दोघी. काय करणार आहेस, हे सिस्टरांनी विचारलं नाही. न विचारण्यात त्यांना किती जोर लावावा लागला असेल, ते काकूंना त्यांच्या घट्ट मिटलेल्या ओठांवरून कळलं.

काकूंनी आपणहून सांगितलं. एक पुरे म्हटलं होतं, तरी आता हे मूल हवंच आहे, पण ते नेमकं परीक्षेच्या महिन्यात येतंय. भोपूला सासूबाई सांभाळतात, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, की तीन वर्षं सांभाळीन, चौथ्याचं नाव काढू नकोस. परीक्षा हुकली तर चौथं वर्ष आलंच, आणि मांडीवर तान्हं. मग हे शिक्षण कायमचं राहणार. बारावीनंतर एकदा राहिलं होतं, तेव्हाही सगळे थोड्याच दिवसांसाठी म्हणाले होते.

सिस्टर बराच वेळ एका बाटलीचं बूच घट्ट करत बसल्या. ते आधीच घट्ट होतं.

"परीक्षा मला पुढे ढकलता येत नाही," त्या म्हणाल्या. "बाळही ढकलता येत नाही. तुझं स्टूल तेवढं बदलता येईल मला."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या जागी पाठीची खुर्ची होती. सिस्टरांनी ती कार्यालयातून स्वतः ओढत आणली होती, आणि कार्यालयातले कारकून उभ्याने काम करत होते म्हणे.

घरी सांगणं जास्त अवघड होतं. सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ऐकल्यावर त्यांनी भोपूच्या एकाच सदऱ्याची तीनदा घडी घातली. मग म्हणाल्या, "परीक्षेआधी का नंतर?"

"सांगता येत नाही, आई. त्याच सुमाराला."

"मग अभ्यासाला बस. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

राग निघाला तो स्वतःच्या मुलावर, काकूंच्या नवऱ्यावर. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लोकांच्या लिफ्टा बरोबर मजल्यावर आणतोस आणि घरचा हिशोब चुकवतोस, असं सासूबाई त्याला पुढचे चार दिवस जेवताना ऐकवत होत्या. तो बिचारा मान खाली घालून जेवायचा आणि मध्येच हसायचा.

पोट दिसायला लागलं, तेव्हा वर्गाला पाण्याच्या त्या नळीचा उलगडा झाला. चश्मिष्ट दोन दिवस काकूंच्या नजरेला नजर देईना, आणि मग आपल्या सगळ्या टिपणांच्या प्रती काढून त्याने त्यांच्या पिशवीत कोंबल्या.

शेवटच्या तोंडी परीक्षेला नववा महिना सरत आला होता. बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड, भल्या चेहऱ्याचे, पण आतून येणारा प्रत्येक जण घाम पुसत येत होता. मुलं म्हणाली, काकू, तुम्ही आधी जा. काकू आपल्या क्रमांकाला थांबल्या.

परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. सूक्ष्मदर्शकाखालची एक पेशी ओळखायला सांगितली. समोरून डोळा लावता येत नव्हता, म्हणून काकू आडव्या उभ्या राहिल्या आणि वाकून त्यांनी ती ओळखली. परीक्षक म्हणाले, ठीक आहे, झालं, या तुम्ही, तब्येतीला जपा.

काकू हलल्या नाहीत.

"सर, बाकीच्यांना विचारलंत तेवढं मलाही विचारा."

परीक्षकांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर चष्म्याच्या काचा पुसत होत्या, आणि ते काम त्यांना बराच वेळ पुरलं.

मग परीक्षकांनी खरंच विचारलं. रक्ताचं विचारलं, मूत्रपिंडाचं विचारलं, एका उत्तरातून दुसरा प्रश्न काढून कोपऱ्यात गाठलं. काकू निसटल्या. मग एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव विचारलं, आणि काकूंनी थोडा विचार केला.

"हे मला येत नाही, सर."

परीक्षकांनी मान हलवली आणि आपली खुर्ची थोडी पुढे ओढली. काकूंनी टेबलाला एक हात टेकला, या पायावरचा भार त्या पायावर घेतला, आणि पुढचा प्रश्न ऐकू लागल्या.