दोन भिडू कमी

माणसाला माणसाशी जोडून ठेवण्याचं काम जगात राज्यांनी केलं नाही, धर्मांनी केलं नाही, ते केलं पुठ्ठ्याच्या पटाने आणि लाकडी सोंगट्यांनी, असं निवृत्त मुद्रितशोधकाचं ठाम मत होतं. हे मत त्याने शनिवारी दुपारी साडेतीन वाजता दिवाणखान्यात मोठ्याने मांडलं, तेव्हा ते ऐकायला चार खुर्च्या हजर होत्या.

बावीस वर्षं त्या खुर्च्या दर शनिवारी चार ते नऊ भरलेल्या असत. एकीवर तो स्वतः. समोर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक, म्हणजे औषधवाला. डावीकडे गणिताचे सर आणि उजवीकडे कप्तान. कप्तान खरं तर जहाजावर वायरमन होता, पण समुद्रावरून आलेल्या माणसाला जमिनीवर एवढी बढती मिळतेच. त्यानेच कुठल्याशा परक्या बंदरातून तो खेळ आणला होता. आठ बंदरं, वीस गोदामं, आणि मीठ, लोकर, तांबं म्हणून रंगवलेले लाकडी ठोकळे. नियमांचं पत्रक ज्या भाषेत होतं ती चौघांत एकट्या कप्तानला येत होती, निदान तो तसं म्हणायचा. त्याने नियम तोंडी सांगितले. पैकी पहिला असा की हा खेळ चौघांचाच, एक जरी कमी असला तरी पट उघडायचा नाही. एकदा औषधवाला तापाने फणफणला होता, तर कप्तान त्याला पांघरुणासकट घेऊन आला होता.

फेब्रुवारीत कप्तान गेला. जूनमध्ये सर मुलीकडे दुसऱ्या शहरात गेले. सर अधूनमधून फोन करून तिकडे पाणी चांगलं आहे असं कळवत. कप्तानकडून तेही कळायची सोय नव्हती.

जूनपासून मुद्रितशोधकाला मंगळवारपासूनच शनिवारची धास्ती वाटू लागली. तीस वर्षं त्याने लोकांच्या चुकांवर पोट भरलं होतं. निवृत्तीनंतर चुका घरपोच येईनाशा झाल्या. आठवड्याला उभं धरणारा तेवढा एक खांब उरला होता, शनिवार, आणि आता तोही डुगडुगत होता. त्याने भिडू शोधायचा सपाटा लावला. बेसिनखाली आडव्या पडलेल्या प्लंबरला विचारलं. दातांच्या डॉक्टरकडे ताटकळलेल्या, गाल सुजलेल्या लोकांना विचारलं. वाचनालयात चिठ्ठी लावली, त्यावरून दोघं आले. त्यांतला एक नवव्या नियमाला फोन घ्यायला म्हणून गॅलरीत गेला आणि गॅलरीतून जिन्याने कुठे गेला ते कळलं नाही. दुसरा त्याला शोधायला गेला.

बायकोला विचारायचा प्रश्न नव्हता. लग्नानंतर अकराव्या वर्षी ती एकदा चौथी म्हणून बसली होती आणि नवऱ्याने तिची पहिलीच चाल सात वेळा दुरुस्त केली होती. तेव्हापासून ती ते टेबल फक्त पुसत होती.

आता औषधवाल्याने निर्वाणीचं सांगितलं होतं. त्याच्या गुडघ्यांसाठी त्याच्या बायकोने पोहण्याचा वर्ग शोधून काढला होता, नेमका शनिवारचा, पाच ते सात. फॉर्म भरून खिशात तयार होता.

"ह्या शनिवारी चार झाले तर ठीक," तो म्हणाला होता. "नाहीतर मी पाण्यात."

मुद्रितशोधक आठवडाभर नीट झोपला नाही. औषधवाला गेला की टेबलाशी तो एकटा, आणि पुढे किती शनिवार असतील याचा हिशेब त्याने एका पहाटे करून पाहिला होता. आकडा बराच मोठा निघाला. प्रकृती चांगली असल्याचा त्याला प्रथमच पश्चात्ताप झाला.

शेवटी चार जमले. एक त्याचा मेहुणा, विमा विकणारा, ज्याला बहिणीने घरी जेवण आहे एवढंच सांगून बोलावलं होतं. दुसरी औषधवाल्याची सून. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासत असे, त्यामुळे सहनशील होती. सासरे शनिवारी घराबाहेर राहावेत ही तिचीही इच्छा होती, आणि ती तिने लपवली नाही.

चार वाजता मुद्रितशोधकाने पट उघडला आणि शेजारी वही ठेवली. वहीत घरचे नियम होते, एकसष्ट, तारीखवार. बावीस वर्षांत टेबलावर जेवढी भांडणं झाली त्या प्रत्येकाचा एक नियम झाला होता. चौदावा असा की तांबं आणि मीठ एका जहाजात घालायचं नाही. तेविसावा, कोणी बाथरूमला गेला तर तेवढा वेळ त्याची जहाजं नांगरलेली समजायची. एकतिसावा, ज्याने उसासा टाकला त्याने त्या फेरीत विक्री करायची नाही, कारण सर उसासे टाकून इतरांची दिशाभूल करत. चाळिसावा नियम रद्द झालेला होता, पण तो का रद्द झाला हे कळल्याशिवाय एक्केचाळिसावा कळत नसे, म्हणून मुद्रितशोधकाने तोही सविस्तर सांगितला.

आपण घाई करता कामा नये एवढंच त्याने ठरवलं होतं. आधीचे लोक पळाले ते आपण तपशील गाळल्यामुळे, असं त्याचं निदान होतं. म्हणून या खेपेला त्याने काहीच गाळलं नाही. मेहुण्याने ठोकळा हातात घेतला की तो म्हणे, अजून नाही. सुनेने जहाज हलवून पाहिलं की तो ते जागेवर ठेवी. पाऊण तास झाला, मेहुण्याच्या पापण्या नांगर टाकू लागल्या. औषधवाला खिशावर हात ठेवून बसला होता. मुद्रितशोधकाला तो हात दिसत होता, आणि जसजसा दिसत होता तसतसा तो अधिक नीट समजावत होता. आवाज चढला, कपाळावर घाम आला. बुडणारा माणूस हातपाय मारतो, तसे तो नियम मारत होता.

"दाजी," मेहुणा डोळे न उघडता म्हणाला, "आमच्या पॉलिसीतसुद्धा एवढ्या अटी नसतात हो. आणि आम्ही त्या निदान बारीक अक्षरात छापतो."

स्वयंपाकघरातून बायको हसल्याचा आवाज आला. सुनेने विचारलं, "काका, पण जिंकतं कोण?"

मुद्रितशोधकाने सांगितलं की ते बावन्नाव्यात येतं. आत्ता आपण त्रेचाळिसाव्यात आहोत.

सुनेने मान डोलावली, खोक्यातून मूळ पत्रक काढलं आणि त्यावर मोबाईल धरला. परक्या अक्षरांच्या जागी मोबाईलवर मराठी दिसू लागली, थोडी लंगडी पण कळेलशी. बावीस वर्षांत हे करावं असं कोणाला सुचलं नव्हतं. आधी मोबाईल नव्हता म्हणून, आणि नंतर कप्तान होता म्हणून. ती शांतपणे वाचत गेली, रक्ताचा रिपोर्ट वाचावा तशी. तांबं आणि मीठ एका जहाजात चालतं. फेऱ्या मोजायच्याच नाहीत, ज्याची पाच गोदामं आधी भरली तो जिंकला. मग ती थोडी थांबली.

"आणि इथे लिहिलंय, खेळाडू दोन ते चार."

मुद्रितशोधकाने मोबाईल मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि ती ओळ दोनदा वाचली, छपाईची चूक शोधावी तशी. चूक नव्हती. औषधवाल्याने खिशावरचा हात काढला.

"मला एकशे दोन ताप होता," तो म्हणाला. "पांघरुणात गुंडाळून आणलं मला त्याने."

मेहुणा आता पूर्ण जागा झाला होता. सून पत्रकाची घडी करत म्हणाली, "त्यांना चौघं हवे असतील."

"मग तसं सांगायचं होतं त्याने," मुद्रितशोधक म्हणाला. "आलो असतो की आम्ही. नियम कशाला करायचा त्याचा?"

यावर औषधवाला म्हणाला की नियम नसता तर पाचव्या-सहाव्या शनिवारी सरांनी काहीतरी काम काढलं असतं, मग त्याने स्वतःही काढलं असतं. मुद्रितशोधकाने वही मिटली.

यानंतर गोष्टी फार सोप्या झाल्या, आणि तेच वाईट झालं. दोघांत खेळ होतो म्हटल्यावर नव्या भिडूंची गरज उरली नाही. मेहुणा आभार मानल्यासारखा उठला आणि जेवायचं विचारायला आत गेला. सुनेने सासऱ्यांना सावकाश या म्हणून सांगितलं आणि पायात चपला घातल्या. मुद्रितशोधकाला हायसं वाटायला हवं होतं. औषधवाला समोर बसला होता, पट उघडा होता, आता सर परत यायची किंवा कप्तान उठून बसायची वाट बघायला नको होती. मरेपर्यंतचे शनिवार दोघांत भागणार होते. त्याने ठोकळे वाटले आणि छापील नियमांप्रमाणे पहिली चाल केली.

छापील नियमांत उसासा टाकायला वेळच नव्हता. जहाज भरायचं, बंदर गाठायचं, गोदामात माल टाकायचा. भांडायला जागा नव्हती, कारण प्रत्येक गोष्ट एकदाच आणि स्पष्ट लिहिलेली होती. पत्रकाचा मुद्रितशोधक चांगला असावा. औषधवाल्याने डाव जिंकला. सव्वापाचला मांडला होता, तो सहाला पंधरा कमी असताना संपला.

"एवढाच होता काय हा," औषधवाला म्हणाला.

मुद्रितशोधकाने दुसरा डाव मांडला. तो वीस मिनिटांत झाला. त्याने घरचे नियम लावून पाहू असं सुचवलं. औषधवाल्याने वहीकडे पाहिलं, मग दोन रिकाम्या खुर्च्यांकडे, आणि खोटे आहेत हे कळल्यावर आता ते कसे लावायचे असं विचारलं. मुद्रितशोधकाने तिसऱ्या डावासाठी ठोकळे लावायला घेतले. मीठ मिठाकडे, लोकर लोकरीकडे. तो ते फार हळू लावत होता.

औषधवाला गुडघ्यांवर हात टेकून उठला. जातो, म्हणाला, आणि शर्टाचा खिसा चाचपला.

"फॉर्म सोमवारी दिलास तरी चालतो ना?" मुद्रितशोधकाने मान वर न करता विचारलं.

चालतो, औषधवाला म्हणाला, पण आता वेळ आहेच तर आजच टाकतो. पोहण्याच्या वर्गाचं कार्यालय शनिवारी सातपर्यंत उघडं असतं.