बोकडाचा होकार

"काकाजी, उन्हात नका बसू. इकडं या, लिंबाखाली," म्हणत बबलूने घरातली एकुलती एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि नरहर काकाजींसाठी सावलीत नेऊन ठेवली.

सुरी पाजळत बसलेल्या रामधनचा हात थांबला. सकाळपासून तो उन्हात चूल मांडत होता, दगड वाहत होता. पोराला ते काही दिसलं नव्हतं.

"बापाले म्हटलं का कोणी, सावलीत ये म्हणून?" तो बायकोला म्हणाला.

जमनी पिठाची परात घेऊन चालली होती. "तुमी घरचे, ते पाव्हणे. लहान लेकरावानी काय करून राह्यले?"

"पाव्हणे!" रामधन पुटपुटला आणि सुरी दगडावर जरा जोरातच घासली.

आज नातवाचं, म्हणजे बबलूच्या लेकाचं, जावळ होतं. तांड्याच्या रिवाजाप्रमाणे मरामा याडीला, तांड्याच्या देवीला, बोकड द्यायचा आणि त्याची सळोई रामधनने करायची. बोकडाचं रक्त आणि काळजाचे बारीक तुकडे यांची ही सळोई तांड्यात पुरुषच रांधतात, आणि रामधनसारखी ती अख्ख्या बाभुळगाव तालुक्यात कोणाला जमत नाही, असं निदान रामधनचं तरी मत होतं. बबलूने लहानपणी तिचा पहिला घास बापाच्या हातून खाल्ला होता. तोच बबलू आता मटणाला शिवत नव्हता. यवतमाळला जाऊन तो कोंबड्यांच्या गाडीवर लागला, ते काम सोडून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गेला आणि काकाजींच्या मागच्या खोलीत भाड्याने राहू लागला. काकाजी पेन्शनर, घर शाकाहारी. तेव्हापासून पोराच्या तोंडी एकच, काकाजी असं म्हणतात आणि त्यांच्या घरच्या सुनीतीकाकू तसं करतात. फोन बापाला लावायचा आणि बोलायचं काकाजींबद्दल.

पोराला याच माणसाने फितवलं, याबद्दल रामधनला शंका नव्हती. त्याला या माणसाचा हेवा वाटत होता. म्हणून आजची सळोई अशी करायची होती की काकाजींच्या डोळ्यांदेखत पोराने बोटं चाटून खावी. पोरगा कोणाचा, हे मग सांगायला नको.

बोकडाला याडीपुढे आणलं. दोर बबलूच्या हातात होता, कारण तो लेकराच्या बापानेच धरायचा असतो. तांड्याचे नायक नानाजी यांनी बोकडाला हळद-कुंकू लावलं आणि पाठीवर तांब्याभर पाणी सोडलं. आता त्याने अंग झाडलं की त्याचा होकार, आणि याडीचाही. त्याआधी सुरी लावायची नाही.

बोकड पाला चघळत उभा राहिला. नायकांनी पुन्हा पाणी सोडलं. बोकडाने शेपटी हलवली, बस्स.

"बा, नाही म्हणून राह्यला तो," बबलू हळूच म्हणाला. "सोडून देऊ. सेवाभाया महाराजाले करतो तसा गोडाचा निवद करू आज."

नायकांनीही मान डोलावली. "होते असं कधी कधी. माह्या आजाच्या टाइमाले एक सोडला होता."

रामधनने लिंबाकडे पाहिलं. काकाजींनी खुर्ची फिरवून इकडे पाठ केली होती. पोराच्या तोंडून हाच माणूस बोलतोय, असं रामधनला वाटलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"थांबा," तो म्हणाला. तांब्या घेऊन तो खाली वाकला. बोकडाची मान कुरवाळल्यासारखी केली आणि तळहाताच्या आडोशाने पाण्याची बारीक धार त्याच्या कानात सोडली. ही युक्ती त्याला त्याच्या बापाने दाखवली होती, आणि कधी वापरू नको असंही बजावलं होतं.

बोकडाने डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. जयजयकार झाला. रामधनने मान वर केली तेव्हा बबलू त्याच्याकडेच बघत होता. दोर धरणाऱ्याला बोकडाचा कान अगदी समोर दिसतो. बबलूने दोर सोडला नाही, फक्त तोंड फिरवलं.

दुपारी सळोई रटरटत होती. काकाजी चुलीपाशी आले. "रामधनभाऊ, फार धावपळ झाली तुमची."

"आमाले सवय हाये, साहेब. तुमीच सांभाळा, वास सोसणार नाही. आमच्या पोरालेही तुमीच सोडाले लावलं ना."

"मी?" काकाजी चकित झाले. "अहो, मी तर त्याला म्हणायचो, घरी गेलास की खात जा, आईबापांना वाईट वाटतं. पण त्या गाडीवरून आला तेव्हा त्याला घास उतरत नव्हता. कोंबड्या पाय धरून उलट्या उचलायच्या आणि क्रेटमध्ये कोंबायच्या. पंख मोडला तर मोडला. मला म्हणाला, 'काकाजी, आमच्यात असं नाही. माझा बा बोकडाले विचारतो. त्यानं नाही म्हटलं तर सोडून देतो. तसं विचारून केलेलं असंल तरच खाईन मी.'"

रामधनने पळी पातेल्याच्या कडेला टेकवली.

"आज तुमच्या हातचं खायचं म्हणून कालपासून खुशीत होता," काकाजी म्हणाले. "मला तर झोपू दिलं नाही सळोईच्या गोष्टी सांगून."

पंगत बसली. बबलूने सगळ्यांना आग्रह करकरून सळोई वाढली. मग आपलं ताट घेऊन तो काकाजींकडे गेला नाही, बापाशेजारी येऊन बसला. ताटात भाकर होती आणि ठेचा.

"घाई काहून केली, बा?"

खरं उत्तर समोरच्या रांगेत बसून सुनीतीकाकूंनी दिलेला डबा खात होतं. रामधनला ते सांगता येईना. "पाव्हणे भुकेले होते," तो म्हणाला.

"हर टाइमाले असंच करत होता?"

"नाही! याडीची आण. आजच केलं, लेका."

ते खरं होतं. बबलूने मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. त्याला ते खरं वाटलं की नाही, हे रामधनला कळलं नाही.

संध्याकाळी बबलू काकाजींना हात देऊन गाडीपर्यंत घेऊन गेला आणि त्यांच्यासोबतच यवतमाळला निघाला. जाताना बापाच्या पाया पडला. नेहमी पडायचा तसाच.

पातेलं पुसून रिकामं झालं होतं. सळोई कशी झाली, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. रामधन न्हाणीच्या दगडावर बसला. हातपाय धुतले आणि उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. थंड थेंब कानात गेला आणि त्याने एकदम अंग झाडलं.

रामधनने दचकून इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कोणीच नव्हतं. लिंबाखाली ती खुर्ची तेवढी होती.