तीन चाव्यांचं घर

आमच्या घराला चाव्या तीन होत्या. एक सासऱ्यांची, एक नवऱ्याची आणि एक धाकट्या दिराची. मला चावीची गरज नाही, यावर तिघांचं एकमत होतं. तू घरातच असतेस की! गंमत म्हणजे या तिघांनी कधी आपली चावी कुलपात घातलेली मी पाहिली नाही. ते बेल वाजवायचे आणि मी हात पुसत जाऊन दार उघडायचे.

सासरे निवृत्त प्राध्यापक, तरी दिवसभर बाहेरच. स्त्रीमुक्तीवर व्याख्यानं देतात, तीही अगदी मनापासून. त्यांच्या शर्टाला इस्त्री मी करते, मुद्देही मीच कागदावर उतरवून देते. त्यामुळे परावलंबन म्हणजे काय, हे मला तोंडपाठ आहे.

मग मला नोकरी लागली. दातांच्या लॅबमध्ये, कवळ्या घासून गुळगुळीत करायची. लग्नाआधी मी हेच काम करायचे आणि माझा त्यात जीव रमायचा. घरात सगळ्यांना आनंद झाला. "आम्ही तुला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय," सासरे म्हणाले. दिलं म्हणजे आजवर ते त्यांच्या कपाटात होतं, असं मी समजले. अडचण एकच होती. लॅब दुपारी सुटणार आणि हे तिघं येणार अंधार पडल्यावर.

"मला एक चावी करून द्या," मी म्हणाले.

मी घरच विकायला काढल्यासारखे तिघं माझ्याकडे बघायला लागले.

"तेवढा वेळ शेजारी बस ना," नवरा म्हणाला. "नाहीतर नोकरीचं पुढच्या वर्षी बघू."

"वहिनी, चावी हरवली तर अख्खं कुलूप बदलावं लागतं," दीर म्हणाला. आधीचं कुलूप त्याच्यामुळेच बदलावं लागलं होतं.

सासऱ्यांनी चष्मा काढला. "सूनबाई, स्वातंत्र्य मनात असतं. चावी म्हणजे काय, पितळेचा तुकडा."

"मग तो तुकडा मला द्या, बाबा. मनातलं तुम्ही ठेवा."

एरवी मी असं बोलत नाही. पण हातातली नोकरी एवढ्याशा चावीपायी जाणार, या विचाराने रडू आणि राग एकदमच आले होते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशातून चावी काढली, चावीवाल्याकडून तशीच दुसरी करून आणली आणि जेवताना सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. सासऱ्यांनी पुढच्या व्याख्यानात सुनेच्या स्वतंत्र चावीचं उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या म्हणे.

एके दिवशी लॅबमध्ये काम वाढलं आणि मला यायला उशीर झाला. पाहते तर तिघंही जिन्यावर बसलेले.

"कधीची बेल वाजवतोय," नवरा म्हणाला. "होतीस कुठे?"

"कामावर. चाव्या नाहीत का तुमच्याकडे?"

तिघांनी खिसे चाचपले. तिघांकडेही होत्या.

"चावी आहे गं," सासरे समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण आतून कुणीतरी दार उघडण्यात जो आपलेपणा असतो ना..."

मी दार उघडलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. सोफ्यावर पाय पसरून बसले. कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. बेल वाजली. पुन्हा वाजली.

"उघडा की," मी आतून म्हणाले. "तुमचंच घर आहे."

बाहेर बराच वेळ कुजबुज चालली. मग कुलपात चावी खडखडली. उलटी फिरवत होते.