रुमालाखालचा सौदा

काष्टीच्या बैलबाजारात गोरक्षनाथ वर्षभरानं उतरला आणि त्याचं काळीज खोंडासारखं उधळलं. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यामुळं त्याचा आवाज कायमचा गेला होता. गळ्याच्या मांसात वाढणारा दुर्मीळ कॅन्सर, सार्कोमा. तंबाखूनं होतो तो हा नव्हे, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तरी जो तो येऊन तंबाखूवर प्रवचन झोडत होता, आणि तेही बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून! अरे, गळा गेलाय, कान न्हाई गेले, असं त्याला खच्चून सांगावंसं वाटत होतं.

तेवढ्यात कर्जतचे आप्पासाहेब, त्याचं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या बैलजोडीपाशी थांबले. इथं भाव तोंडानं सांगतच नाहीत. रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबायची. गोरक्षनाथानं उत्साहानं रुमाल टाकला, बोटांनी भाव सांगितला. एरवी तासभर हुज्जत घालणाऱ्या आप्पासाहेबांनी डोळे पुसत तोच भाव कबूल केला.

गोरक्षनाथाचं डोकंच फिरलं. त्यानं हात हिसडला, रुमाल झटकला आणि घरी निघायला बैलांचे कासरे सोडायला लागला.

मग आप्पासाहेबांनीच रुमाल ओढून घेतला, त्याचा हात धरला आणि असा पडेल भाव दाबला की कुणाचंही रक्त उकळावं.

"परवडत न्हाई तर ऱ्हाऊ दे, गोरख!" ते खेकसले.

गोरक्षनाथाचे डोळे लकाकले. बाह्या सरसावून त्यानं दोन्ही पाय रोवले. आत्ता कुठं बाजार भरला होता!